दस्तगीरचाचांचा मरवा

रहिमतपुरात दस्तगीर फुलारींचा विषय निघाला की माणसं आधी त्यांच्या नाकाबद्दल बोलतात, मग हातांबद्दल, आणि मग आवाज जरा खाली आणून पायांबद्दल. ते सगळं गेलंही त्याच क्रमानं. मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते, म्हणून मला ते जवळून दिसलं. दिसत होतं तेव्हा त्याचा अर्थ मात्र आमच्यापैकी कुणालाच लागला नव्हता.

माझं माहेर माण तालुक्यातलं, नवरा मुंबईला नोकरीला. रहिमतपूरच्या शाळेत माझी बदली झाली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात गेले. आडनाव फुलारी, धंदाही फुलांचाच. ओट्यावर ओल्या पोत्यांवर शेवंती, गलांडा, निशिगंधाचे ढीग आणि त्यांच्या मागं मांडी घालून बसलेला एक उंच, काटकुळा म्हातारा. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, उजव्या कानामागं एक हिरवी काडी. त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. माझ्या पेटीकडं बघून नाक तेवढं वर केलं.

“बाई, पेटीत डांबराच्या गोळ्या हायत?”

“आहेत.”

“मग त्या आदी भायेर टाका. खोली तुमचीच. पर खाली माझा मरवा असतो. त्याला त्यो वास लागला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर मारंल.”

संध्याकाळी त्यांची बायको रशीदाचाची वर आल्या. हातात जुन्या ओढणीच्या शिवलेल्या लहान लहान पुरचुंड्या. आत सावलीत वाळवलेला मरवा. “साड्यांच्या घड्यांत ठेवा. कसर लागत न्हाई,” म्हणाल्या. त्या साड्या नेसून मी शाळेत गेले की मुलं जवळ येऊन उगाच उभी राहायची.

मरवा दुरून बघितला तर त्यात बघण्यासारखं काही नसतं. गुडघ्याच्याही खाली राहणारं झुडूप. करंगळीच्या नखाएवढी पानं, मऊ, हिरव्यावर राखेची झाक असलेली. शेंड्याला हिरव्या गाठींसारख्या कळ्या येतात आणि त्यांतून डोळ्यांत न भरणारी पांढरी फुलं. पण नुसता हात फिरवला तरी वास बोटांना चिकटतो, आणि साबणानं हात धुतले तरी मागं राहतो. स्टेशनच्या रस्त्याला चाचांची लहानशी पट्टी होती, तिन्ही बाजूंनी ऊस. त्यात त्यांनी मरव्याचे वाफे उंचवट्यावर केले होते, कारण बुडाशी पाणी साचलं की मरवा एका रात्रीत मान टाकतो. उसाला पाटानं पाणी आणि मरव्याला चाचांच्या हातातल्या झारीनं. ते रोज सकाळी दव वाळलं की जायचे आणि कळी फुटायच्या आतले शेंडे खुडायचे. “फूल आलं की वास फुलानं खाल्ला समजा,” म्हणायचे. खुडलेला प्रत्येक शेंडा नाकाशी नेऊन मगच पाटीत. गावात आणखी दोघं मरवा विकायचे, पण वेणी करणाऱ्या बायका चाचांचाच घ्यायच्या. अबोलीला वास नसतो. अबोलीच्या वेणीत दोन काड्या चाचांच्या मरव्याच्या घातल्या की बाई गेल्यावरही खोलीत वास राहायचा.

लग्नाचे सेहरे ते स्वतः करत. एकदा कोरेगावहून एक पार्टी आली. नवरदेवाचे मामा खिशातून अत्तराची बाटली काढून म्हणाले, सेहऱ्यावर हे मारा, जरा भारी वाटेल. चाचांनी तयार सेहरा मामांच्या हातातून काढून परत पोत्यावर ठेवला.

“ह्यात मरवा कशापायी घातलाय ठावं हाय? मोगरा, निशिगंध सगळा नाकाम्होरं लोंबतोय. वास चढतो, डोस्कं धरतं. मरवा मधी असला की श्वास मोकळा ऱ्हातो. त्यावर तुमी बाटलीतलं मारलं तर नवरा काजीसायबाम्होरं आडवा हुईल. मग लोक म्हणतील, दस्तगीरचा सेहरा व्हता.”

मामांनी बाटली खिशात ठेवली.

घरात मरवा सगळीकडं होता. चाची खिम्यात उतरवायच्या आधी मूठभर चिरून टाकायच्या. थंडीत चहात दोन पानं. गुडघे दुखले की तिळाच्या तेलात कढवून तेच तेल चोळायच्या. सर्दी झाली की उकळत्या पाण्यात काड्या आणि डोक्यावरून चादर. गल्लीतल्या बायका या सगळ्यासाठी चाचांकडं यायच्या, आणि चाचा द्यायचे, पण उगाच वाढवून काही सांगायचे नाहीत. समोरच्या पारूबाई, हवालदारांच्या मंडळी, एकदा नातवाला कडेवर घेऊन आल्या. पोराचा कान ठणकत होता, मरव्याचा रस कानात घालायचा होता. चाचांनी पोराचा कान उन्हाकडं वळवला, वाकून बघितला, वास घेतला.

“पू हाय आत. ह्यात काय घालायचं न्हाई. दवाखान्यात न्या.”

“आवं पर आमची आत्या घालायची की.”

“घालत आसंल. मरवा मरवा हाय, दवाखाना न्हाई.”

नाही म्हणायची वेळ आली की ते असे सरळ नाही म्हणायचे. म्हणूनच हो म्हणाले की लोक पुढं काही विचारत नसत. हा विश्वासच पुढं अंगावर येणार होता.

पहिली खूण मला वाटतं खिम्याची. मी माडीवर वह्या तपासत होते. जळल्याचा वास आला, मग धूर. धावत खाली गेले. चाची शेजारी गेल्या होत्या. स्वयंपाकघरातून काळा धूर येत होता आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून, त्या धुराच्या अगदी पुढ्यात, चाचा शांतपणे हार ओवत बसले होते. मी ओरडल्यावर त्यांनी वळून बघितलं. आधी माझ्याकडं, मग धुराकडं. बराच वेळ ते धुराकडंच बघत राहिले.

“कामात ध्यान नव्हतं,” म्हणाले.

ज्या माणसाला माझ्या बंद पेटीतल्या गोळ्यांचा वास रस्त्यावरून आला होता, तो हे बोलत होता. मी गॅस बंद केला आणि वर आले. पुढच्या महिन्यांत तशा बारीकसारीक गोष्टी घडत राहिल्या. फाटलेल्या दुधाचा चहा ते पिऊन मोकळे झाले. कानामागची काडी सुकून तपकिरी पडली तरी तशीच राहू लागली. चाची जाता येता ती काढून ताजी खोचायच्या, आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी काही बोलत नसत.

याच काळात ते मला मरवा हुंगायला लावू लागले. शाळेतून आले की ओट्यावरून हाक. “बाई, ह्यो बगा. कसा हाय वास?” मी म्हणायची, छान आहे. “नुसतं छान नगं. सांगा की कसा ते.” मग मी आठवून आठवून सांगायची. कापरासारखा, पण गोड. मागून थोडी मिरी. ते मान एका बाजूला करून असे ऐकायचे की जणू मी लांबच्या गावाची खबर आणली आहे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या मालाचं कौतुक ऐकायला आवडतं.

तो शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मी दुपारी घरी आले. चाचांनी नेहमीप्रमाणं एक काडी पुढं केली. मी नाकाशी नेली आणि हात झटकन मागं घेतला.

“चाचा, याला औषधाचा वास येतोय.”

“कसलं औषध?”

“उसात तण मारायला फवारतात तसलं. उग्र आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. त्यांनी काडी माझ्याकडून घेतली, स्वतःच्या नाकाला लावली, जोरात श्वास घेतला, परत घेतला. मग काडी खाली ठेवली.

“सकाळी मरव्याला निंबोळीचा अर्क मारला,” ते सावकाश म्हणाले. “पाण्याच्या मोटारीच्या खोलीत सगळ्या ऊसवाल्यांचे कॅन असत्यात. मी आपला कॅन घेतला. आपलाच घेतला असंल.” मग एकदम उठले. “पारूबाईला दिलाय. नातू सर्दीनं भरलाय. अंगणवाडीतनं आला की वाफ देणार हुती.”

चपला न घालता ते रस्ता ओलांडून धावले. मी मागं. पारूबाईंच्या स्वयंपाकघरात जमिनीवर घमेलं, त्यावर वाफ, आणि वर चादरीचा तंबू. तंबूच्या आतून पोराचं खोकणं. सून भिंतीला टेकून उभी होती. चाचांनी चादर ओढून काढली, पोराला काखेत धरून अंगणात नेलं. पोराचे डोळे लालभडक, नाकातोंडातून पाणी. तुळशीच्या कट्ट्यापाशी ते ओकलं.

“काय झालं वं चाचा?” पारूबाई घाबरून विचारत होत्या.

सून रडत म्हणाली, “मी सांगत हुते, आत्या, ह्याचा वास निराळा येतोय म्हणून.”

“आगं पर चाचांनी दिल्याला मरवा,” पारूबाई म्हणाल्या. “त्यो का हुंगून घ्यायचा असतो?”

हवालदारांनी मोटारसायकल काढली, सून पोराला घेऊन मागं बसली. चाचा दवाखान्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत अनवाणी बसून होते. डॉक्टरांनी डोळे धुतले, औषध दिलं, बाहेर येऊन म्हणाले की आत फारसं गेलेलं नाही, लवकर काढलंत. अंधार पडायच्या सुमाराला पोर बापाच्या खांद्यावर झोपून घरी निघालं. हवालदार मिलिटरीत आयुष्य काढलेला माणूस, मोजकं बोलणारा. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाचलं न्हवं? झालं मग. चला घरी.” चाचा हललेच नाहीत. मग शेजारी येऊन बसलेल्या चाचींना म्हणाले, “मला वास येत न्हाई. लय दिस झालं.” ते त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं होतं.

चाची म्हणाल्या, “मालूम हाय मला.”

मरव्याचे वाफे आठवड्यात पिळवटले. शेंडे दोरीसारखे वळले, मग पानं तपकिरी झाली आणि हातात चुरा होऊ लागली. चाचांनी सगळं मुळासकट उपटून बांधावर जाळलं. जाळतानाही ते धुराच्या बाजूला उभे होते. चाचींनी हाताला धरून त्यांना वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला नेलं. मग त्यांनी परसातल्या एका कुंडीतल्या झाडाच्या काड्या लावून नवे वाफे धरले. पावसाळ्यानंतर मरवा आला, पहिल्याइतकाच चांगला. आता चाची सोबत जायच्या. त्या शेंडा हुंगायच्या, मान हलवायच्या, मग चाचा खुडायचे. पण ओट्यावर एक बदल झाला होता. बायका जुडी हातात घेत, जरा पाठमोऱ्या होत, आणि नाकाशी नेत. पारूबाई तेवढ्या न हुंगता घ्यायच्या आणि चाचांना ते जास्त लागायचं, असं मला वाटतं.

मुलगा जावेद सांगलीजवळ कुपवाडला कारखान्यात होता. त्यानं मिरजेला मोठ्या डॉक्टरांकडं नंबर लावला. “डॉक्टरचं बोलणं तुमाला कळंल,” म्हणून चाचींनी मलाही गाडीत बसवलं. डॉक्टर तरुण होते, अदबीनं बोलणारे. चाचांना डोळे मिटायला सांगून त्यांनी नाकापुढं एकेक बाटली धरली. कॉफी. लवंग. साबण. प्रत्येक वेळी चाचा म्हणाले, “न्हाई.” शेवटी चाचांनी खिशातून मरव्याची काडी काढली, स्वतःच डोळे मिटून हुंगली आणि परत म्हणाले, “न्हाई.”

मला वाटलं, आता डॉक्टर नाकात बॅटरी मारतील. त्यांनी ती बाजूला ठेवली.

“चाचा, उजवा हात पुढं करा. अंगठ्याला बोट लावा, उघडा. असं. भरभर.”

चाचांनी सुरू केलं. पहिल्यांदा बोट मोठं उघडलं, मग कमी, मग आणखी कमी, आणि मग अंगठ्यापाशीच अडखळू लागलं. हजारो गाठी मारलेलं ते बोट. चाचांनी डाव्या हातानं उजवा हात धरून खाली घेतला.

“डॉक्टरसायेब, मी नाकाचं दाखवायला आलोय. हात बरा हाय माझा.”

डॉक्टरांनी जावेदकडं बघितलं आणि म्हणाले, “यांना जरा बाहेर चालवून आणा. मी दारातून बघतो.”

लांब बोळातून चाचा गेले आणि परत आले. डावा हात चालण्याबरोबर मागंपुढं होत होता. उजवा मांडीशेजारी नुसता लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. माझ्या बाजूला चाची पुटपुटल्या, “मला वाटलं खांदा धरलाय. आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या उचलल्या हुत्या.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कंपवाताची सुरुवात दिसते. हात कापत नसला तरी तोच. काही जणांचं नाक आधी जातं, कित्येक वर्षं आधी, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गोळ्यांनी हातपाय बरेच दिवस चालतील. नाकाचं काही सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत चाचा खिडकीशी बसले. खिशातून सुताचा तुकडा काढून त्यावर गाठ मारली, सोडली, मारली, सोडली. कऱ्हाड गेल्यावर त्यांनी तो तुकडा खिडकीबाहेर सोडून दिला.

त्यानंतर मी त्यांच्या हातांकडं बघायला लागले आणि एकदा बघायला लागल्यावर थांबता येईना. हार ओवताना सुई फुलाच्या देठापाशी येऊन थांबायची. सदऱ्याची बटणं चाची लावायच्या. चेहरा हळूहळू एकाच जागी थिजत चालला होता. विनोद झाला तरी गाल हलायचे नाहीत, आणि नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं म्हातारा चिडलाय. आवाज इतका बारीक झाला की ओट्यावर वाकून ऐकावं लागे.

अशात हवालदार आले. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. “चाचा, मुंडावळ्या फुलांच्या करायच्या. आन तुमच्याच हातच्या पायजेत. मरवा घालून.”

जावेद तेव्हा घरी आला होता. तो म्हणाला, “काका, अब्बांना आता—” हवालदारांनी त्याला बोलू दिलं नाही. “म्या तुला इचारलं न्हाई.”

चाचांनी ते काम दोन दिवस पुरवलं. गोळी घेतली की थोडा वेळ बोटं मोकळी व्हायची, तेवढ्यात चार गाठी मारायच्या, मग हात मांडीवर ठेवून पुढच्या गोळीची वाट बघायची. मरव्याची एकेक काडी ते डोळ्यांसमोर धरून निवडत होते. रंगावरून, शेंड्याच्या गाठीवरून. दुसऱ्या दिवशी ते दुपारच्या नमाजाला आत गेले. चाचींनी पटकन मुंडावळी पुढं ओढली. गाठी सैल होत्या, हात लावला की फुलं सरकत होती. त्या भराभर एकेक गाठ आवळत गेल्या. मी जिन्यात उभी होते. त्यांनी मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

चाचा बाहेर आले, बसले, मुंडावळी उचलली. अंगठा गाठींवरून फिरवत शेवटपर्यंत नेला.

“ह्या गाठी माझ्या न्हाईत,” ते म्हणाले.

चाची खाली सांडलेली फुलं वेचू लागल्या.

“चांगल्या हायत,” चाचा म्हणाले. “पर माझ्या न्हाईत.” आणि त्यांनी सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचून ठेवली. त्यानंतर त्या ओट्यावर फुलं लागली नाहीत. पट्टी शेजाऱ्यानं कसायला घेतली आणि तिथं ऊस आला.

माझी बदली लोणंदला झाली. फोनवर चाची सांगायच्या, बरं हाय. आता पाय धरतात म्हणायच्या. “धरतात म्हणजे दुखतात का?” मी विचारायची. “दुखत न्हाईत. धरतात. जमीन धरती त्यांना. उंबरा आडवा आला की तेवढा पाय उचलत्यात.”

मग एकदा जुन्या शाळेतले कागद आणायला मी सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला उतरले. गाडी तिथं जेमतेम थांबते. उतरते तर पुढच्याच डब्यापाशी गलका. दारात जावेद, एका हातात बॅगा, दुसरा हात खाली पसरलेला. खाली फलाटावर चाचा. अंग पुढं झुकलेलं, हात दांडीकडं गेलेला, आणि पाय फलाटाला खिळल्यासारखे. बोटं चपलेत आवळली जात होती, टाच उचलत नव्हती. जावेद त्यांना कायमचं सांगलीला न्यायला आला होता, हे मला नंतर कळलं.

“अब्बा, उचला पाय. एकच पाय. अब्बा!”

मागून माणसं ओरडत होती. एकानं चाचांना कोपरानं सारलं, तसे ते तोल जाऊन डब्याच्या पत्र्यावर टेकले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी धावले. तेवढ्यात शिट्टी वाजली.

चाची वाकल्या. त्यांनी हातातली मिटलेली छत्री चाचांच्या पायांपुढं फलाटावर आडवी ठेवली.

“अजी, इसको लांघो.”

चाचांनी छत्रीकडं बघितलं. आणि पाय उचलला. वाहता ओढा ओलांडावा तसा उंच, सावकाश, छत्रीच्या पलीकडं. मग दुसरा. मग पायरी. जावेदनं दंडाला धरून त्यांना वर घेतलं. गाडी हलली होती. चाची खालीच होत्या. मी त्यांना कमरेला धरून दारात लोटलं, आतल्या कुणीतरी ओढून घेतलं, आणि मी मागं राहिले.

दारातून चाचा माझ्याकडं बघत होते. मला ओळखलं होतं, ते डोळ्यांत दिसलं. ओठ हलले. गाडीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी पुढं चार पावलं पळाले, मग फलाट संपला.

परत आले तर छत्री तिथंच आडवी पडलेली होती. माणसं तिला वळसा घालून जात होती. मी ती उचलली आणि हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. सांगलीला उतरायची वेळ येईल तेव्हा चाची त्यांच्या पायांपुढं काय ठेवणार होत्या?